नकारार्थी शब्दांतला शिक्षणहक्क

१९५० च्या युरोपीय मानवी हक्क करारात शिक्षणाच्या हक्काला स्थान नव्हते. १९५२ च्या पहिल्या पूरक करारात ते मिळाले, पण नकारार्थी भाषेत: हा हक्क कोणासही नाकारला जाणार नाही. १९८१ च्या आफ्रिकी सनदेने मात्र प्रत्येक व्यक्तीस शिक्षणाचा हक्क आहे, असे सरळ म्हटले. हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. १९६८ साली बेल्जियममधील भाषावादात युरोपीय न्यायालयाने अर्थ लावला तो असा: राज्याने स्वखर्चाने विशिष्ट शिक्षणाची सोय केलीच पाहिजे असे नाही, ज्या शाळा आहेत, त्यांचा लाभ मिळाला पाहिजे.

परंतु मूल शाळेत आहे आणि ती शाळाच त्याला मागे ठेवण्यासाठी आहे, तर? चेक प्रजासत्ताकातील ओस्त्रावा शहरातील १८ रोमा मुलांनी हाच प्रश्न न्यायालयापुढे नेला. १९९६ ते १९९९ या काळात त्यांना मंदबुद्धी ठरवून विशेष शाळांत घातले होते. शाळेत प्रवेश आणि वर्गात समान स्थान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको.

२००६ मध्ये न्यायालयाच्या एका पीठाने दावा फेटाळला. २००७ मध्ये महापीठाने १३ विरुद्ध ४ मतांनी तो मान्य केला. या निकालाचे खरे मोल दोन गोष्टींत आहे. भेदभावाचा हेतू सिद्ध झाला नाही तरी आकडेवारीवरून त्याचा परिणाम सिद्ध होऊ शकतो, हे न्यायालयाने मानले. आईबापांनी संमती दिली होती हा बचावही त्याने अमान्य केला. वांशिक भेदभावापासून मुक्त असण्याचा हक्क कोणालाही सोडून देता येत नाही.

तथापि या निकालाची मर्यादाही तेवढीच स्पष्ट आहे. न्यायालयाने प्रत्येक अर्जदारास ४,००० युरो देवविले. परंतु गेलेली शाळेची वर्षे कोणत्याही रकमेने परत येत नाहीत. २०१० मध्ये क्रोएशियातील रोमा मुलांच्या वेगळ्या वर्गांबाबतचा निकाल तर ९ विरुद्ध ८ अशा एका मताच्या फरकाने लागला. भेदभाव ओळखणारी दृष्टी न्यायालयातही अजून पक्की झालेली नव्हती, एवढाच याचा अर्थ.

म्हणून कराराची कसोटी दाराशी न घेता वर्गात घ्यावी. मुलाला आत घेतले काय, एवढे विचारून भागत नाही. तो कोणाबरोबर बसतो आणि काय शिकतो, हेही विचारले पाहिजे.