भोसले वंशचरित्र (तंजावर)

तंजावर येथील बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर कोरलेला विस्तृत मराठी शिलालेख (१८०३). दुसरे सरफोजी (कार. १७९८–१८३२) यांच्या आज्ञेने चिटणीस बाबूराव याने तो रचला. राजवंश देवालयाच्या भिंतीवर नोंदविण्याची प्रथा अन्यत्रही आढळते. सर्बियातील ग्राचानित्सा येथील चर्चमध्ये (सु. १३२१) नेमान्यिच घराणे वेलीच्या रूपात रंगविले असून, थोरल्या भावाच्या जागी राजा झालेला मिलुतिन तेथे शिरोभागी, ख्रिस्ताच्या निकट आहे. तंजावरचा हेतूही याहून फारसा निराळा नाही. सरफोजी हे तुळजाजींचे दत्तकपुत्र. ते दत्तविधान अमान्य ठरून अमरसिंह गादीवर आले व १७९८ मध्ये पदच्युत झाले. पुढील वर्षीच्या तहाने राज्यकारभार इंग्रजांकडे गेला. सत्ता सरल्यावर वंशाचा हक्क दगडावर आला, हे लक्षणीय आहे. चित्रातील वेलीत दत्तकाची फांदी सहजासहजी दाखविता येत नाही. गद्यास ते साधते. (अक्कलकोटच्या भोसल्यांचा मूळपुरुष फत्तेसिंह हाही जन्माने लोखंडे, शाहूंचा मानसपुत्र.) शिवाजी महाराजांच्या निधनानंतर सव्वाशे वर्षांनी लिहिलेली यातील शिवकालीन हकीकत प्रथम दर्जाचे साधन मानता येत नाही; तंजावरच्या दरबारी मराठी गद्याचा नमुना म्हणून मात्र लेखाचे मोल मोठे आहे.