'घाशीराम कोतवाल' : निष्ठा आणि विश्वासघात

विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल' (१९७२) या नाटकाची चर्चा प्रामुख्याने जातीय अंगाने झाली. वरिष्ठ-कनिष्ठ अधिकारी-संबंधाच्या अंगाने तुलनेने कमीच. वास्तविक घाशीराम नाना फडणविसांशी कधीही दगाफटका करीत नाही. मुलगी गौरी देऊन मिळविलेल्या कोतवालीत तो पुणेकरांचा छळ करतो. रोष त्याच्या वाट्याला येतो, नाना सुरक्षित राहतात. नेमणुकीमागील हेतूच तो होता. कोठडीत ब्राह्मण मरताच नाना त्याला जमावाच्या स्वाधीन करतात. यास विश्वासघात म्हणणे प्रस्तुत लेखकास अपुरे वाटते. विश्वास तेथे होता कुठे? (इतिहासातील घाशीरामही १७९१ मध्ये जमावाकडूनच मारला गेला, तथापि हे ऐतिहासिक नाटक नव्हे, असे तेंडुलकरांनीच स्पष्ट केले होते.) कोतवाल मरतो आणि नाना उत्सव जाहीर करतात.