वीतभर तैलचित्र

चित्रप्रदर्शनांतून हिंडणारा रसिक मोठ्या चित्रासमोर थबकतो आणि लहान चित्रावरून नुसती नजर फिरवून पुढें जातो, हा अनुभव नवा नाहीं. लहान तैलचित्र म्हणजे मोठ्या चित्राची पूर्वतयारी किंवा फावल्या वेळचा छंद, असा आपला समज होऊन बसला आहे. आणि तो रुजविण्यास टीकाकारहि कारण झाले आहेत. आम्हीहि या दोषांतून मुक्त नाहीं. आठ बाय दहा इंचांच्या फळीवर रंगविलेल्या चित्रांस ‘गोड’ हें एकच विशेषण लावून आम्हीं त्यांची किती वेळां बोळवण केली असेल, याची गणती न केलेली बरी.

राजा रविवर्मा यांच्या पौराणिक चित्रांनीं महाराष्ट्राच्या डोळ्यांस जें वळण लाविलें, त्याचा या समजुतींत मोठा वांटा आहे. त्यांचा शिळाछापखाना १८९४ सालीं मुंबईंत निघाला, कांहीं काळ घाटकोपरास होता आणि पुढें मळवलीस गेला. घाटकोपरच्या भोंवतीं तेव्हां टेकड्या होत्या, शेतें होतीं, पलीकडे खाडी होती. छापखान्यांतून मात्र लक्ष्मी आणि सरस्वती बाहेर पडत होत्या. यांत रविवर्म्यांस बोल लावण्याचा आमचा हेतु नाहीं. लोकांस देव हवे होते, त्यांनीं ते दिले. पण विषय थोर तर चित्र थोर, ही समजूतहि त्या तसबिरींबरोबर घरोघर पोंचली, आणि ती अद्यापि भिंतीवरून उतरलेली नाहीं.

त्याच काळांत दुसरी वाटहि होती. पेस्तनजी बोमनजी (१८५१–१९३८) हे जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी, ग्रिफिथ्स यांच्या हाताखालीं अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यांत त्यांचीं कित्येक वर्षें गेलीं. एवढी भव्य चित्रसृष्टि जवळून पाहिलेल्या या गृहस्थानें आपल्या तैलचित्रांसाठीं विषय निवडले ते पारशी घरांतले: पोपटास भरविणारी स्त्री आणि तशींच साधीं माणसें. कोल्हापुरचे आबालाल रहिमान (मृत्यु १९३१) मुंबईस शिकले, परत गेले, आणि रंकाळा, कोटितीर्थ व पंचगंगेचा कांठ यांच्या संगतींत त्यांनीं उरलेलें आयुष्य घालविलें. दोघांनींहि जवळचें पाहिलें, आणि पुनःपुन्हा पाहिलें.

आतां आकाराविषयीं. उघड्यावर बसून रंगविणाऱ्यास प्रकाश फार तर दोन तास स्थिर सांपडतो. सकाळीं आठ वाजतां झाडाची जी सावली निळी असते, ती दहा वाजेपर्यंत आखडून वेगळ्याच रंगाची होते. तेवढ्या अवधींत ओल्या रंगावर ओला रंग चढवून जितकी फळी पुरी होईल, तितकीच तिची योग्य लांबीरुंदी. म्हणजे लहान आकार हा नम्रपणाचा नव्हे, वेळेचा हिशेब आहे. इंग्लंडांत कॉन्स्टेबलनें १८२१–२२ सालीं हॅम्पस्टेड येथें केवळ ढगांचे तैलरंगी अभ्यास केले आणि कित्येकांच्या पाठीवर दिवस, वेळ व वारा यांची नोंद केली. १८४१ सालीं जॉन रँडनें धातूची मुडपणारी नळी काढल्यावर तयार रंग खिशांत घालून कोठेंहि जाण्याची सोय झाली. पुढें १८८९ सालीं मेलबर्न येथें कांहीं तरुणांनीं नऊ बाय पांच इंचांच्या चित्रांचें प्रदर्शन मांडलें. त्यांतलीं बरींचशीं सिगारच्या पेट्यांच्या झांकणांवर काढलेलीं होतीं. तेथील एका वजनदार टीकाकारानें त्यांवर झोड उठविली, तेव्हां त्या पोरांनीं ती टीका कापून प्रदर्शनाच्या दारावरच डकविली. टीकाकाराचा धंदा करणाऱ्यानें ही गोष्ट अधूनमधून आठवावी.

इतकें समर्थन केल्यावर आजच्या लहान तैलचित्रांविषयीं स्पष्ट बोलण्यास आम्ही मोकळे झालों. आमची तक्रार त्यांच्या आकाराविषयीं नसून त्यांच्या उसन्या डोळ्यांविषयीं आहे. अंधेरी-बोरिवलीस राहणारा चित्रकार रविवारीं पेटी उचलून निघतो तो वाड्याच्या, घाटाच्या, बैलगाडीच्या शोधांत. घराशेजारचें त्यास दिसतच नाहीं. गिल्बर्ट हिलचा सुमारे दोनशें फूट उंच काळा कातळ इमारतींच्या गराड्यांत उभा आहे, त्याच्या खांबांसारख्या उभ्या पहलांवर उतरतें ऊन काय करतें, हें आम्हांस एकाहि फळीवर पाहावयास मिळालेलें नाहीं. वस्तुचित्रांची तीच कथा. तांब्याचा हंडा, दोन वांगीं, एक कांदा! मुलुंडच्या किती स्वयंपाकघरांत आज तांब्याचा हंडा नांदतो? शार्दांनें तांब्याचें पिंप रंगविलें तें त्या काळच्या फ्रेंच स्वयंपाकघरांत तें होतें म्हणून. आपल्या घरीं स्टीलचे डबे आहेत, प्रेशर कुकर आहे. स्टील रंगविणें कठीण, कारण त्यास स्वतःचा रंग नाहीं. खिडकी, ओटा, रंगविणाऱ्याचा सदरा, सारें त्यांत वांकडें होऊन उतरतें. पण ही अडचण टाळून हंडा मांडणें म्हणजे रोजचें जग रंगविण्याच्या नांवाखालीं पुन्हा एक तसबीरच टांगणें होय.

हिरव्या रंगाविषयींहि एक शब्द. बोरिवलीचें राष्ट्रीय उद्यान श्रावणांत जितक्या प्रकारांनीं हिरवें होतें, तितके हिरवे कोणत्याहि कारखान्याच्या नळींत मिळावयाचे नाहींत. तरी बहुतेक फळ्यांवर नळींतला एकच हिरवा पसरलेला आढळतो. पावसाळ्यांत तैलरंगाचे हाल होतात हें आम्ही जाणतों. जवसाचें तेल हवेंतला प्राणवायु शोषून घट्ट होतें, दमट हवेंत तें रेंगाळतें, आणि फळीच्या पाठीवर बुरशी चढते. म्हणून अनेक जण छायाचित्र काढून घरीं बसून रंगवितात. त्यांस दोष देववत नाहीं. पण छायाचित्रांत झाडाखालची सावली काळी पडते आणि चित्रांतहि ती तशीच काळी उतरते, एवढें नजरेस आणावें लागतें.

हें सारें आतांच लिहिण्यास कारण आहे. २०१९ च्या ऑक्टोबरांत मेट्रोच्या कारशेडसाठीं आरेंतील दोन हजारांवर झाडें तुटलीं. २०२४ सालीं कांजूर, भांडुप व मुलुंड येथील सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन धारावीच्या पुनर्वसनाच्या घरांसाठीं देण्याचा निर्णय झाला. घरें कोणास नकोत? त्या वादांत शिरण्याचें हें स्थळ नव्हे. परंतु चौकोनी वाफ्यांत आटत जाणारें पाणी, त्यावर दुपारी चढणारी गुलाबी झांक, आणि मिठाच्या राशी, ज्या दुरून पांढऱ्या वाटतात व जवळ गेल्यावर सकाळीं जांभळट, सायंकाळीं नारिंगी दिसतात, हें दृश्य प्रदर्शनांत आमच्या क्वचितच पाहण्यांत आलें आहे. हिंवाळ्यांत लगतच्या खाडींत रोहित पक्षी उतरतात, त्यांचीं छायाचित्रें मात्र ढिगांनीं निघतात.

गेल्या माघांत आम्ही मुलुंडच्या बाजूस गेलों असतां बांधावर एक वृद्ध गृहस्थ गुडघ्यावर पेटी ठेवून बसलेले दिसले. फळी वीतभर, तिच्यावर आकाशाची एक पट्टी, पाण्याची एक, आणि मधें मिठाची रास. रास त्यांस साधली नव्हती. पांढरा फार लागला होता. हें त्यांस आमच्याआधींच कळलें असावें, कारण आमच्यादेखत त्यांनीं ती सुरीनें खरवडली आणि घड्याळ पाहून पुन्हा आरंभ केला.