‘उतरणे’ आणि ‘जाणे’ : हातातील उपकरणांच्या बॅटरीचे दावे व ग्राहकाची निराशा – एक चिकित्सा
(विशेष संदर्भ : कोल्हापूर जिल्हा)

प्रस्तावना

मोबाइल फोन ही आज चैनीची वस्तू राहिलेली नाही. बँकेचे व्यवहार, शिधावाटपाची नोंद, विद्यार्थ्यांचे परीक्षा अर्ज, शेतीपंपाची चालू-बंद स्थिती अशा अनेक गोष्टी या एका उपकरणावर येऊन ठेपल्या आहेत. उपकरणाची उपयुक्तता ज्या प्रमाणात वाढली, त्या प्रमाणात त्याच्या बॅटरीवरील अवलंबित्वही वाढले. त्यामुळे ‘बॅटरी टिकत नाही’ ही ग्राहकाची तक्रार वरवर किरकोळ वाटली तरी तिचे सामाजिक परिणाम किरकोळ नाहीत.

बॅटरी कमी टिकते म्हणून ग्राहक निराश होतो, असे या प्रश्नाचे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते. ते अपुरे आहे. प्रयोगशाळेतील मोजमाप ग्राहकापुढे आश्वासनाच्या भाषेत ठेवले जाते आणि ते आश्वासन फोल ठरल्यावर दोष त्याच्या वापरावर टाकला जातो. निराशेचे मूळ या दुहेरी व्यवहारात आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी जाहिरात, हमीपत्र व कायदा यांतील भाषा कोल्हापूर जिल्ह्यातील वास्तवाशी ताडून पाहिली आहे.

१. एका ‘आयुष्या’चे दोन अर्थ

बोलीभाषेत ग्राहक दोन स्वतंत्र क्रियापदे वापरतो. दिवसभरात ऊर्जा संपली की ‘बॅटरी उतरली’ असे तो म्हणतो. दीड-दोन वर्षांनी बॅटरी ऊर्जा धरूनच ठेवेनाशी झाली की ‘बॅटरी गेली’ असे म्हणतो. तिचा आकार बदलला तर ‘फुगली’ हा तिसरा शब्दही त्याच्याजवळ आहे. उतरलेली बॅटरी पुन्हा भरता येते. गेलेली बॅटरी बदलावी लागते, आणि फुगलेली तत्काळ वापरातून काढावी लागते. रसायनशास्त्राच्या दृष्टीनेही या तीन निरनिराळ्या अवस्था आहेत.

जाहिरातीच्या भाषेत मात्र ‘बॅटरीचे आयुष्य’ हा एकच शब्दप्रयोग येतो. एकदा भरल्यावर उपकरण किती तास चालेल आणि बॅटरी किती वर्षे कार्यक्षम राहील, हे दोन्ही प्रश्न त्यात मिसळून जातात. मोठ्या अक्षरांत तासांचा आकडा छापला जातो, वर्षांचा आकडा बहुधा दिलाच जात नाही. ग्राहक तासांचे आश्वासन वाचतो आणि ते वर्षांनाही लागू आहे असे गृहीत धरतो. ही त्याची समजूत भाबडी म्हणता येणार नाही. शब्दरचनाच तिला जन्म देते.

२. तासांच्या दाव्याचा पाया

भारतात २००३ मध्ये आलेला नोकिया ११०० हा हँडसेट या चर्चेत उद्बोधक ठरतो. त्याची बॅटरी ८५० मिलिअँपिअर-तास क्षमतेची होती आणि प्रतीक्षाकाळ ४०० तासांपर्यंत सांगितला जाई. साधा भागाकार केला तर प्रतीक्षेत असताना तो हँडसेट सरासरी दोन मिलिअँपिअरच्या आसपास विद्युतप्रवाह घेत असावा. आज ५००० मिलिअँपिअर-तास क्षमतेची बॅटरी सर्रास आढळते. ती एका दिवसात संपत असेल तर सरासरी प्रवाह दोनशे मिलिअँपिअरच्या पुढे जातो. ही तुलना काटेकोर नाही, कारण पहिला आकडा प्रतीक्षेचा आहे आणि दुसरा प्रत्यक्ष वापराचा. परंतु जाहिरातीच्या दाव्यातील मेख नेमकी हीच आहे. उपकरण काहीही करीत नसताना ते किती तास टिकते, हे सांगितले जाते. ते विकत घेणारा मात्र काहीतरी करण्यासाठी घेत असतो.

बॅटरीची क्षमता जवळपास सहापट वाढली, तरी मोठा व उजळ पडदा, वेगवान प्रोसेसर, सतत जोडलेले इंटरनेट आणि पार्श्वभूमीवर चालणारी ॲप्स यांनी ती वाढ गिळून टाकली. शिवाय १९९१ मध्ये बाजारात आलेली लिथियम-आयन बॅटरी वापराने व काळाने झिजतेच. तापमान जास्त असेल आणि बॅटरी दीर्घकाळ पूर्ण भरलेली राहत असेल, तर ही झीज वेगाने होते. झीज हा उत्पादकाचा अपराध नव्हे. मात्र तिचे प्रमाण ज्ञात असूनही ग्राहकाला ते न सांगणे समर्थनीय ठरत नाही.

३. कोल्हापूरचे वास्तव

दाव्यामागे जी आदर्श परिस्थिती गृहीत असते, ती या जिल्ह्यात कितपत आढळते, हे पाहणे आवश्यक आहे.

पहिला मुद्दा नेटवर्कचा. मनोरा जितका दूर आणि संकेत जितका क्षीण, तितक्या अधिक शक्तीने हँडसेटला प्रक्षेपण करावे लागते. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी, चंदगड या डोंगराळ तालुक्यांत फिरणाऱ्या माणसाची बॅटरी राजारामपुरीत बसलेल्या माणसाच्या बॅटरीपेक्षा लवकर उतरते, याचे कारण वापराची सवय नसून भूगोल आहे. एकाच खोक्यावरील एकच आकडा या दोघांना सारखा लागू होऊ शकत नाही.

दुसरा मुद्दा तापमानाचा. आयफोनच्या सूचनांत वापरासाठी ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमान योग्य मानले आहे. कोल्हापुरात एप्रिल-मे महिन्यांत कमाल तापमान या मर्यादेपलीकडे जाणे नित्याचे आहे. दुचाकीवर उन्हात बसवलेला किंवा उसाच्या फडात वापरला जाणारा फोन याहूनही अधिक तापतो.

तिसरा मुद्दा विजेचा. २००५ नंतरच्या काही वर्षांत राज्याच्या ग्रामीण भागाने दीर्घ भारनियमन सोसले. त्या काळात वीज असेल तेव्हा फोन भरून ठेवणे हा घरकामाचाच भाग बनला होता. भारनियमनाची ती तीव्रता पुढे ओसरली, पण खरी कसोटी महापुराने घेतली. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरील इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये नदीने ५५ फुटांची पातळी ओलांडली आणि जुलै २०२१ मध्येही महापुराची पुनरावृत्ती झाली. २०१९ मध्ये पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद होता, आंबेवाडी, प्रयाग चिखली आणि शिरोळ तालुक्यातील अनेक गावे पाण्याने वेढली गेली आणि वीजपुरवठा खंडित झाला.

अशा वेळी बॅटरीवर दुहेरी आघात होतो. फोन भरण्याची सोय नसते आणि जवळचे मनोरे बंद पडल्याने फोन सतत नेटवर्क शोधत राहतो, म्हणजे एरवीपेक्षा वेगाने उतरतो. ज्या क्षणी बचाव पथकाशी संपर्क अत्यावश्यक असतो, त्याच क्षणी उपकरण सर्वांत लवकर निकामी होते. जाहिरातीतील तासांच्या आकड्याला या क्षणाची दखल नसते.

४. दोषाचे स्थलांतर

बॅटरी अपेक्षेप्रमाणे चालली नाही की ‘रात्रभर चार्जिंगला लावला असेल’, ‘पहिल्यांदा आठ तास चार्ज केला नसेल’, ‘पूर्ण उतरू दिली नसेल’ अशी उत्तरे ग्राहकाला मिळतात. यांपैकी शेवटच्या दोन सूचना निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातील आहेत. लिथियम-आयन बॅटरीला अर्धवट भरण्याने अपाय होत नाही, उलट वारंवार पूर्ण उतरवणे तिला अहितकारक असते. म्हणजे कालबाह्य ज्ञानाच्या आधारे ग्राहकाला दोषी ठरवले जाते.

दोष खुद्द उत्पादनाचा असल्याचे उघड झाले, तेव्हा काय घडले? १४ ऑगस्ट २००७ रोजी नोकिया कंपनीने बीएल-५सी प्रकारच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या अतितापण्याच्या शक्यतेमुळे बदलून देण्याचे जाहीर केले. त्या मात्सुशिता कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेल्या होत्या. भारतात त्या वेळी मोठी घबराट पसरली. आपली बॅटरी त्यांतली आहे काय, हे पाहण्यासाठी ग्राहकाला तिच्यावरील २६ अंकाक्षरांचा क्रमांक तपासावा लागत होता. कंपनीने बॅटऱ्या मोफत बदलून दिल्या, हे श्रेय तिला दिले पाहिजे. तथापि तपासणीचे ओझे ग्राहकावरच राहिले.

डिसेंबर २०१७ मधील ॲपलचे प्रकरण अधिक सूचक आहे. झिजलेल्या बॅटरीमुळे फोन अचानक बंद पडू नये म्हणून सॉफ्टवेअरद्वारे जुन्या आयफोनचा वेग कमी केल्याचे कंपनीने मान्य केले. तांत्रिकदृष्ट्या हा उपाय अनाठायी नव्हता, परंतु तो ग्राहकाला न सांगता केलेला होता. बॅटरी बदलण्याऐवजी नवा फोन घेणे भाग पडले, अशी अनेकांची तक्रार होती. फ्रान्समध्ये माहिती न दिल्याच्या कारणावरून २०२० मध्ये कंपनीला अडीच कोटी युरोंचा दंड झाला. हा दंड बॅटरीच्या झिजेबद्दल नव्हता, मौनाबद्दल होता.

५. अंगणवाडी सेविकांचे आंदोलन

महाराष्ट्रातील एका घटनेने या वैयक्तिक निराशेला सामूहिक रूप दिले. अंगणवाडी सेविकांना शासनाने २०१९ मध्ये कामासाठी मोबाइल फोन दिले. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातील सेविकांनी ते परत करण्याचे आंदोलन केले. फोन तापतात, अडकतात, त्यांची स्मृतिक्षमता अपुरी आहे, हमीकाळ संपल्याने दुरुस्तीचा खर्च स्वतःच्या तुटपुंज्या मानधनातून करावा लागतो, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप मराठीत नसल्याचा आक्षेपही त्यात होता.

या आंदोलनाचे वैचारिक महत्त्व मोठे आहे. ‘वापर चुकीचा’ हे उत्तर एका व्यक्तीस देता येते. एकाच प्रकारचे उपकरण वापरणाऱ्या हजारो स्त्रिया एकच तक्रार करतात, तेव्हा ते उत्तर टिकत नाही. हमीकाळ संपतो, पण काम संपत नाही, ही विसंगती या निमित्ताने उघड झाली. उपकरणाची निवड करणारा, ते वापरणारा आणि त्याच्या दुरुस्तीचा खर्च सोसणारा हे तीन भिन्न घटक असले की सर्वांत दुर्बल घटकावर भार पडतो.

६. कायदा : आधार आणि अडसर

ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ मधील ‘दोष’ या संज्ञेची व्याप्ती लक्षणीय आहे. कायद्याने किंवा कराराने आवश्यक असलेल्या दर्जातील उणीव तर दोष ठरतेच, शिवाय विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे दावा केलेल्या दर्जातील उणीवही त्यात समाविष्ट आहे. १९८६ च्या कायद्यातही हा आशय होता. याचा अर्थ, खोक्यावरील तासांचा आकडा कायद्याच्या दृष्टीने निव्वळ अलंकार नसून तपासता येण्याजोगा दर्जा आहे.

परंतु तपासायचा कसा? दाव्याखालील बारीक अक्षरांत ‘परिस्थितीनुसार फरक पडू शकतो’ अशी तळटीप असते, तर हमीपत्रात वापरामुळे होणारी क्षमतेतील घट बहुधा वगळलेली असते. दोष प्रयोगशाळेतील तपासणीशिवाय ठरवता येत नसेल तर नमुना तपासणीस पाठवण्याची तरतूद कायद्यात आहे, पण तिचे शुल्क प्रथम तक्रारदाराने भरायचे असते. जिल्हा आयोगाकडे पाच लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणास तक्रार शुल्क नाही, ही सोय स्वागतार्ह आहे. तरीही हजार-दोन हजार रुपयांच्या बॅटरीसाठी चंदगडहून कोल्हापूरच्या खेपा घालणे कोणालाच परवडत नाही. तक्रार दाखल होत नाही म्हणून ग्राहक समाधानी आहे, असा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल.

७. उत्पादकांची बाजू

न्याय्य समीक्षेत दुसरी बाजूही विचारात घ्यावी लागते. पातळ, हलका आणि पाण्यापासून सुरक्षित फोन ग्राहकालाच हवा असतो. बॅटरी आत कायमची बसवण्यामागे हेही एक कारण आहे. वापर इतका विविध असतो की प्रत्येकासाठी अचूक आकडा देणे अशक्य आहे. हे आक्षेप ग्राह्य आहेत, पण त्यांतून मौनाचे समर्थन होत नाही. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून स्मार्टफोनवर लावल्या जाणाऱ्या ऊर्जापत्रकात एका चार्जमधील टिकाऊपणा तास-मिनिटांत आणि बॅटरीचे आयुर्मान चार्जिंगच्या आवर्तनांत, असे दोन आकडे स्वतंत्रपणे दाखवावे लागतात. म्हणजे मराठी बोलीने ‘उतरणे’ व ‘जाणे’ यांत जो भेद केला, तोच तेथे नियमाने छापून घेतला जातो. जे तेथे शक्य आहे, ते येथे अशक्य असल्याचे कारण नाही.

निष्कर्ष

१. ग्राहकाची निराशा ही बॅटरीच्या मर्यादेपेक्षा ती मर्यादा लपवणाऱ्या भाषेतून अधिक निर्माण होते.

२. प्रत्येक उपकरणावर एका चार्जचा काळ आणि बॅटरीचे आयुर्मान हे दोन आकडे वेगळे असावेत. क्षीण नेटवर्क व उच्च तापमान यांतील आकडाही सोबत द्यावा.

३. ही माहिती व बॅटरी बदलण्याचा खर्च खरेदीपूर्वी मराठीतून उपलब्ध असावा.

४. शासकीय खरेदीत उपकरणाच्या अपेक्षित वापरकाळाइतकी बॅटरी-सेवेची अट असावी, तिचा खर्च कर्मचाऱ्यावर पडू नये.

५. महाविद्यालयांनाही येथे कार्यक्षेत्र आहे. बॅटरीची क्षमता मोजण्याचा प्रयोग भौतिकशास्त्र विभागात माफक साधनांनी करता येतो. वाणिज्य विभागाला हमीपत्रांचा आणि मराठी विभागाला त्यांतील भाषेचा तौलनिक अभ्यास हाती घेता येईल. एकट्या ग्राहकाला न परवडणारा पुरावा अशा अभ्यासांतून सिद्ध होऊ शकेल, आणि ग्राहक आयोगापुढे जाणाऱ्या तक्रारदाराच्या हाती तळटिपेला उत्तर देणारे काहीतरी असेल.