सुंदरलाल अहवालातलं लातूर : आकडा वाचायचा कसा?

17 सप्टेंबर जवळ आला की मोबाइलवर एक आकडा फिरू लागतो : 27 ते 40 हजार मृत. आकडा सुंदरलाल समितीच्या अहवालातला. काही जण तो जसाच्या तसा मानतात, काही जण सरळ खोटा ठरवतात. संशोधनाला लागणाऱ्यांनी दोन्ही न करता आधी अहवाल तपासावा.

13 सप्टेंबर 1948 ला भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरलं आणि 17 तारखेला निजामाने शरणागती पत्करली. पुढे मुसलमानांवरच्या हल्ल्यांच्या बातम्या दिल्लीला पोचल्या, म्हणून नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना पाठवलं. 29 नोव्हेंबर ते 21 डिसेंबर या काळात ते 16 पैकी 9 जिल्ह्यांत फिरले. जिथे जाता आलं नाही अशा 109 गावांतल्या 500 हून जास्त लोकांशीही ते बोलले. घटनेनंतर सुमारे तीन महिन्यांत एवढं काम झालं, ही अहवालाची मोठी ताकद.

आता मर्यादा. 27 आणि 40 मध्ये 13 हजारांचं अंतर आहे; म्हणजे ही मोजणी नाही, अंदाज आहे. प्रयोगशाळेत आपण असं उत्तर त्रुटीसकट लिहितो, इथेही तसंच लिहावं.

लातूरचा उतारा बघा. शहरात सुमारे 10 हजार मुसलमान होते, समितीला जेमतेम 3 हजार दिसले. घाईत वाचणारा म्हणेल, 7 हजार मेले. अहवाल तसं म्हणत नाही. मारले गेलेले हजारावर, बाकीचे जीव घेऊन पळाले. मृत्यू आणि स्थलांतर हे दोन वेगळे रकाने आहेत. ते एकत्र केले की आकडा फुगतो आणि पळालेल्यांची गोष्टही हरवते.

दुसरा खड्डा जिल्ह्यांच्या नावांचा. अहवालात सर्वाधिक झळ बसलेले जिल्हे म्हणून उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड येतात. लातूर जिल्हा झाला 1982 मध्ये. आपला देवणी-उदगीरचा भाग तेव्हा बिदर जिल्ह्यात होता. आजच्या नकाशावर शोधाल तर तो सापडणारच नाही.

तिसरी गोष्ट नावाची. अमेरिकेने 1845 मध्ये टेक्सास सामील करून घेतलं, 1846 ते 48 मेक्सिकोशी युद्ध केलं. त्या सगळ्याला ‘पश्चिमेकडे विस्तार’ म्हटलं की हुसकावलेले मूलनिवासी दिसत नाहीत. आपली गोष्ट वेगळी आहे, इथे विलीनीकरणासाठी लोक स्वतः लढले. पण ‘पोलीस ॲक्शन’ म्हटलं की पाच दिवसच डोळ्यांपुढे येतात. अहवालानुसार लातुरात हत्या वीसहून जास्त दिवस चालू होत्या.

उलट बाजूही तितकीच खरी. समितीचा अंदाज कारवाईच्या वेळचा आणि नंतरचा आहे. त्याआधी रझाकारांनी मारलेली माणसं, सरहद्दीपलीकडे सोलापूर-बार्शीकडे गेलेली कुटुंबं त्यात नाहीत. त्यामुळे एकट्या या अहवालावर 1948 चा इतिहास लिहिता येत नाही, आणि तो बाजूला ठेवूनही लिहिता येत नाही.

प्रबंधात हा आकडा वापरणार असाल तर त्याच वाक्यात तीन गोष्टी लिहा : कुठल्या काळातला, कुठल्या हद्दीतला आणि कुणाला मोजून काढलेला. आपल्या भागात अजून दोन्हीकडची घरं आहेत, ती तुमचं वाक्य वाचणार आहेत.