निष्कर्षवाक्याचे उद्देश्य : कोलंबिया यानाविषयीच्या एका स्लाइडचा विचार

संशोधनाचा अहवाल पुष्कळदा अशा वाचकासाठी लिहिलेला असतो, की ज्याला ज्ञानापेक्षा निर्णयाची निकड अधिक असते. संशोधन करवून घेणाऱ्या या वाचकाचा, म्हणजे ग्राहकाचा, विचार आमच्या अध्यापनात क्वचितच होतो. तो का व्हावा, हे एका सुपरिचित दुर्घटनेच्या कागदपत्रांवरून दाखविता येईल.

१६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया हे अवकाशयान उडाले. सुमारे ८२ सेकंदांनी बाह्य टाकीवरील फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान कक्षेत असतानाच बोइंग कंपनीच्या अभियंत्यांनी संभाव्य हानीचा अंदाज नासापुढे स्लाइडांच्या रूपाने मांडला आणि चिंतेचे कारण नाही, असा त्याचा अर्थ घेतला गेला. १ फेब्रुवारीस परतीच्या वाटेवर यान भंगले. कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्यू पावले.

एडवर्ड टफ्टी यांनी या स्लाइडांपैकी एकीचे केलेले विश्लेषण चौकशी मंडळाच्या ऑगस्ट २००३ च्या अहवालात समाविष्ट आहे. टफ्टी यांचा रोख मुख्यतः स्लाइडच्या रूपावर, तुटक मुद्द्यांच्या उतरंडीवर आहे. तांत्रिक निबंधांऐवजी स्लाइडांवर विसंबण्याच्या प्रथेवर मंडळानेही टीका केली. ही टीका रास्त आहे. परंतु ती अपुरी आहे, असे मला वाटते. दोष उतरंडीत आहे, त्याहून अधिक तो वाक्याच्या उद्देश्यात आहे.

स्लाइडच्या शीर्षकाचा आशय असा, की चाचण्यांची माहिती पाहता उष्णतारोधक फरशांच्या छेदाविषयीचे अंदाज सावधपणाकडे झुकलेले दिसतात. येथे सावध कोण? यान नव्हे, तर छेदाची खोली वर्तविणारे गणिती सूत्र. ते प्रत्यक्षाहून अधिक हानी वर्तविते, एवढेच म्हणणे आहे. ग्राहकाचा प्रश्न मात्र पंखाविषयी होता. उद्देश्य एक आणि वाचकाने मनात धरलेले उद्देश्य दुसरे, अशी ही अदलाबदल घडली. आश्वासन सूत्राचे होते. ते यानाच्या नावे जमा झाले.

खरा निष्कर्ष स्लाइडच्या तळाशी आहे. चाचणीतील तुकडा ३ घन इंचांचा होता, प्रत्यक्षातील तुकड्यासाठी दिलेला आकडा १९२० घन इंचांचा; म्हणजे ६४० पट. या तफावतीसाठी योजलेले विशेषण मराठीत 'लक्षणीय' असे होईल, आणि तेच विशेषण त्या एका स्लाइडवर पाच वेळा येते : सूत्राच्या अतिरेकी अंदाजाला, छेदास लागणाऱ्या ऊर्जेला, दोनदा हानीला आणि शेवटी या ६४० पटींना. ज्या विशेषणाला माप नाही, ते सर्वांना सारखेच लागू पडते.

एका स्लाइडवर सारा दोष लादणे अर्थात अन्यायाचे होईल. भगदाड पडले ते फरशांना नव्हे, तर पंखाच्या पुढच्या कडेस. शिवाय अभियंत्यांनी कक्षेतील छायाचित्रे मागितली होती. ती त्यांना मिळाली नाहीत.

तथापि स्लाइडऐवजी दीर्घ निबंध असता तर निभावले असते, हेही मला पटत नाही. तो आकडा परिशिष्टातही दडवता आला असता. हवे होते ते एक वाक्य : 'आदळलेला तुकडा आमच्या चाचणीतील तुकड्याहून शेकडो पट मोठा आहे, म्हणून पंखास किती इजा झाली, हे आम्हांस या चाचण्यांवरून सांगता येत नाही.' असे वाक्य लिहिणे अवघड असते, कारण ग्राहकाने उत्तरासाठी पैसे मोजलेले असतात आणि 'सांगता येत नाही' हे त्याला कामचुकारपणासारखे वाटेल, अशी धास्ती लेखकाला असते.

ही धास्ती मला ठाऊक आहे. मुलांच्या वाचनाविषयी एका संस्थेसाठी केलेल्या अहवालात मी 'दोन गटांतील फरक सार्थ आहे' असे लिहिले होते. फरक शंभरात दोन गुणांचा होता. तो निव्वळ योगायोगाचा दिसत नाही, इतकेच संख्याशास्त्राच्या परिभाषेत मला म्हणावयाचे होते. बैठकीत त्याचा अर्थ 'मोठा' असा झाला, सर्वजण संतुष्ट दिसले, आणि मी तो दुरुस्त केला नाही.

यंदाच्या प्रकल्प-अहवालांत जेथे जेथे 'लक्षणीय' आढळले, तेथे मी समासात 'किती?' एवढेच लिहून ते परत केले आहेत. तिघांकडे उत्तर तयार होते. ते परिशिष्टात होते.