हस्तलिखिताचा पहिला वाचक

एजंट म्हटला की आपल्याकडे विम्याचा, नाहीतर आर.टी.ओ. कचेरीबाहेर खुर्ची टाकून बसलेला, अशी दोनच माणसे डोळ्यांपुढे येतात. लेखकालाही एजंट असतो ही गोष्ट मराठी माणसाला अजून चमत्कारिक वाटते. लंडनमध्ये मात्र हा व्यवसाय जवळजवळ दीडशे वर्षांचा आहे. ए. पी. वॉट नावाच्या स्कॉटिश गृहस्थांनी १८७५ च्या सुमारास तो सुरू केला. लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी बोलणी करायची आणि लेखकाला जे मिळेल त्यातले दहा टक्के आपण घ्यायचे, असा सरळ हिशेब. किपलिंग आणि कॉनन डॉइल हे त्यांचे लेखक. आज तिकडे हा वाटा बहुधा पंधरा टक्के असतो. परभाषेतले हक्क विकले तर वीस. वाचण्याची फी मात्र खरा एजंट घेत नाही. जो घेतो त्याची मिळकत पुस्तक न खपताही होते, आणि मग त्याच्या मताला किंमत ती काय राहिली?

इंग्रजीतले बडे प्रकाशक एजंटाविना आलेले बाड सहसा उघडत नाहीत. त्यामुळे हस्तलिखिताचा पहिला वाचक आज एजंटच आहे. त्याच्याकडे संपूर्ण कादंबरी पाठवायची नसते. एक पानाचे पत्र, एक-दोन पानांत कथेचा गोषवारा आणि सुरुवातीची तीन प्रकरणे किंवा पन्नासेक पाने, एवढेच पाठवायचे. पत्रात तो पाहतो ते इतकेच की या माणसाला आपण काय लिहिले आहे ते दोन वाक्यांत सांगता येते का. गोषवाऱ्यात पाहतो की गोष्ट कुठे तरी पोचते का. आपले नवे लेखक गोषवाऱ्यात शेवट झाकून ठेवतात, जणू एजंट रहस्यकथेचा गिऱ्हाईक आहे. पण खरा कस लागतो तो पन्नास पानांत, आणि तिथे विषयाला फारसे महत्त्व नसते. फाळणी, शेतकऱ्याची आत्महत्या, आईचे दुःख, या विषयांची बाडे त्याच्या टेबलावर ढिगाने पडलेली असतात. तो शोधतो ते वाक्य. हे वाक्य याच माणसाने लिहिले असणार, दुसऱ्या कुणाला ते असे सुचले नसते, अशी खात्री पटली की तो पुढचे पान उलटतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण जोसेफ कॉनरॅडचे. जन्माने पोलिश, मग फ्रेंच, आणि इंग्रजी शिकला ती तरुणपणी, जहाजावर. त्याचे पहिले हस्तलिखित फिशर अनविन या प्रकाशकाकडे गेले तेव्हा एडवर्ड गार्नेट हा तिथला वाचक होता. त्याने ते उचलून धरले, आणि १८९५ साली ‘ऑलमेयर्स फॉली’ छापून आली. पुढे कॉनरॅडचा एजंट झाला जे. बी. पिंकर. या पिंकरने त्याला अनेक वर्षे पैसे पुरवले, अपुऱ्या कादंबऱ्यांवर उचल दिली. देणे हजार पौंडांच्या कितीतरी वर गेले. १९१० च्या जानेवारीत दोघांचे कडाक्याचे भांडण झाले, आणि त्या भांडणात पिंकर बोलून गेला की तुम्ही माझ्याशी इंग्रजीत बोलत नाही. हा टोमणा कॉनरॅडच्या जिव्हारी लागला. तो आजारी पडला आणि तापाच्या भरात पोलिश बोलत राहिला, असे त्याच्या पत्नीने लिहून ठेवले आहे. दोन भाषांच्या घरात वाढलेल्या आपल्यासारख्यांना त्या टोमण्याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. गंमत अशी की ज्या परकेपणावरून पिंकरने त्याला डिवचले, तो परकेपणाच त्याच्या इंग्रजी वाक्याची ओळख होता. लांबत जाणारे, विशेषणांवर विशेषणे रचणारे ते वाक्य लंडनमध्ये जन्मलेल्या माणसाने लिहिले नसते. पुढे दोघांचा समेटही झाला, आणि १९२२ साली पिंकर वारला तेव्हा कॉनरॅड मनापासून हळहळला.

अर्थात पहिला वाचक देव नव्हे. हाच गार्नेट पुढे डकवर्थ या प्रकाशनासाठी वाचत असताना, १९१६ साली, पिंकरमार्फत जेम्स जॉइसचे ‘पोर्ट्रेट’ त्याच्यापुढे आले. कादंबरी विस्कळीत आहे, पुन्हा घडवायला हवी, असा शेरा त्याने मारला. कॉनरॅडचे परके वाक्य ज्याला ऐकू आले, त्याला जॉइसचे आले नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या ह्यूब्श या प्रकाशकाने ते पुस्तक काढले.

आपल्या शेजारचे उदाहरण म्हैसूरचे. आर. के. नारायण यांचे पहिले हस्तलिखित इंग्लंडमधल्या प्रकाशकांकडून एकामागून एक परत येत होते. शेवटी ऑक्सफर्डमधल्या आपल्या मित्राला, पूर्णा यांना, त्यांनी कळवले की दगड बांधून ते टेम्स नदीत सोडून दे. मित्राने तसे न करता ते ग्रॅहॅम ग्रीनला वाचायला दिले, ग्रीनने हॅमिश हॅमिल्टनकडे शिफारस केली आणि १९३५ साली ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ निघाले. त्यात आहे काय? मुलांचा क्रिकेट क्लब, परीक्षेची धास्ती, अंधाऱ्या बोळकांडीतली आजी. ज्यांनी शंकर नाग यांची दूरदर्शन मालिका पाहिली आहे त्यांना हे मालगुडी ठाऊक आहे. ग्रीनला ते ठाऊक नव्हते; पण माहिती देण्याचा हव्यास न धरता लिहिणारा माणूस त्याने ओळखला. साठ वर्षांनी असेच काहीसे पुन्हा घडले. १९९६ साली अरुंधती रॉय यांचे हस्तलिखित पंकज मिश्र यांनी लंडनला पाठवले, आणि डेव्हिड गॉडविन हा एजंट विमान पकडून दिल्लीला आला. त्या कादंबरीतली मुले इंग्रजी शब्द उलटे वाचतात, मधूनच मल्याळी बोलतात. कुणा सावध शिक्षकाने त्याखाली लाल रेघा ओढल्या असत्या.

मराठीत एजंट का नाही, याचे उत्तर अंकगणितात आहे. समजा तीनशे रुपयांचे पुस्तक, हजार प्रतींची आवृत्ती, दहा टक्के मानधन. सारी आवृत्ती खपली तर लेखकाला तीस हजार, आणि त्यातले पंधरा टक्के म्हणजे साडेचार हजार एजंटाला. तेही खपली तर, आणि किती वर्षांत ते विचारू नये. एवढ्यावर कोण पोट भरणार? ते काम आपल्याकडे संपादकांनी केले. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या ‘सत्यकथे’तून ‘साभार परत’ येणेही लोकांना अभ्यासासारखे वाटे, इतका विचार त्या नकारामागे असे. त्या निवडीलाही कुंपण होते. १९६९ साली लघुनियतकालिकांच्या तरुणांनी ‘सत्यकथे’चा अंक जाळला तो काही उगाच नव्हे. १९८२ साली ते मासिक बंद पडले, आणि त्या तोलाचा पहिला वाचक मराठीला पुन्हा तसा लाभला असे म्हणवत नाही.

सीमाभागाला या वाचकाची गरज इतरांहून जास्त आहे. जी. ए. कुलकर्णी धारवाडला बसून लिहीत. सभा-संमेलनांच्या वाटेला ते जात नसत. त्यांच्या कथांना ओळखीपाळखीचा आधार नव्हता, पानावर होते तेवढेच. प्रकाश नारायण संतांचा लंपन तर आपल्याच गल्लीतला. ‘वनवास’ १९९४ साली मौजेने काढले. त्यातल्या मुलाची मराठी कानडी हेलाची, आजी-आजोबांच्या घरातली, शाळेच्या पटांगणावरची आहे. पुण्याच्या पुस्तकी मराठीत ती ‘शुद्ध’ करून घेतली असती तर त्या पोराचे नाव तेवढे उरले असते. आणि लंपनच्या कथांचा गोषवारा लिहून पाहा: मुलगा शाळेत जातो, घरी येतो. एवढ्यावर कुणाही एजंटाने बाड परत केले असते. पहिले पान वाचले असते तर मात्र केले नसते.

कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांतून आपल्याकडे साहित्य संमेलने भरतात, कथास्पर्धा होतात. त्यांतल्या कथा वाचताना एक गोष्ट सारखी खटकते. जो लेखक चहाच्या टपरीवर ‘बस की, काय करायलाय’ म्हणतो, तोच कागदावर ‘आसनस्थ व्हा, काय चालले आहे’ असे लिहितो. त्याची आक्का कथेत ‘ताई’ होते, घरातली कानडी गायब होते, शहापूर-वडगावातल्या मागाचा खडखडाट जाऊन कुठलीशी ‘नदीकाठची टुमदार वाडी’ येते. बाहेरच्या प्रकाशकाला आपली मराठी कच्ची वाटेल ही भीती त्यामागे आहे. त्या भीतीला इतिहास आहे, हेही खरे. ज्या भाषेसाठी घराघरांतून लोक रस्त्यावर उतरले, ती भाषा कागदावर डागाळलेली दिसू नये असे वाटणारच. पण पहिला वाचक, एजंट असो वा संपादक, नेमके जे शोधत असतो तेच आपण पाकिटात घालण्यापूर्वी खरवडून टाकतो.

उलट जे नको ते भरभरून असते. कुणा मान्यवराची प्रस्तावना, शुभाशीर्वाद, मनोगत, तीन पानी ऋणनिर्देश आणि पासपोर्ट आकाराचा फोटो. कादंबरी सुरू होते ती सतराव्या पानावर, आणि पहिली पाने सूर्योदयाच्या वर्णनात जातात. जिथे आक्का पहिल्यांदा तोंड उघडते ते पान वर ठेवावे, बाकीचे घरी राहू द्यावे. आणि शुद्धलेखन जरूर तपासून घ्यावे. आक्काचे बोलणे मात्र तपासनिसाच्या हाती देऊ नये.